लाठी आणि पाते

लाठी फिरवता आली की तलवार आपोआप येते, ही समजूत व्यायामशाळेत नव्याने येणाऱ्या मुलांकडून हमखास ऐकू येते. तिच्यात तथ्य आहे, पण निम्मेच. पावले, अंतर, नजर आणि दम या चार गोष्टी लाठीकडून तलवारीकडे जातात. पकड, वाराची दिशा, अडवण्याची रीत आणि मनाची तयारी या चार गोष्टी जात नाहीत. उलट लाठीने हाताला लावलेल्या काही सवयी तलवार धरल्यावर मोडाव्या लागतात. जुन्या वस्तादांना हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच मराठी शस्त्रविद्येत लाठी आणि तलवार यांच्यामध्ये फरी-गदक्याचा एक वेगळा टप्पा आहे, आणि तलवार येणाऱ्यालाही पट्टा पुन्हा मुळापासून शिकावा लागतो.

या दोन विद्या शेजारी शेजारी पाहायच्या तर अमरावतीसारखे ठिकाण नाही. अंबादासपंत वैद्य आणि त्यांचे बंधू अनंतराव यांनी १९१४ साली इथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. मल्लखांब, कुस्ती, लेझीम आणि कबड्डी यांच्या बरोबरीने लाठी, बोथाटी, फरी-गदका, पट्टा आणि जंबिया हे प्रकार मंडळाने शिकवले. नुसते शिकवले नाहीत, तर ते शिकवणारे शिक्षक घडवून गावोगाव पाठवले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि कबड्डी, मल्लखांब यांसारख्या देशी प्रकारांची प्रात्यक्षिके त्याने तिथे करून दाखवली. बडोद्यात प्रोफेसर माणिकराव याच ध्यासाने काम करत होते. तिथूनच दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. एका वस्तादाच्या घराण्यात, त्याच्या मर्जीवर चालत आलेली विद्या हुकूम, गणती आणि पायऱ्या लावून पन्नास मुलांना एकाच मैदानावर शिकवता येते, हे या लोकांनी दाखवून दिले. पायऱ्या लावायच्या म्हटल्यावर आधी काय आणि नंतर काय हा प्रश्न येतोच. त्या प्रश्नाचे उत्तर लाठीच्या आणि पात्याच्या स्वभावात आहे.

वेळूचा स्वभाव

लाठी कळायची तर वेळूपासून सुरुवात करावी लागते. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाटच्या डोंगरात जो बांबू दिसतो त्यात मानवेल मुख्य. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव डेन्ड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. बहुतेक बांबू आतून पोकळ असतात. मानवेल मात्र कोरड्या, खडकाळ जमिनीवर वाढला की जवळजवळ भरीव होतो. भारतभर लाठीसाठी याच जातीला पसंती आहे.

बांबूचे धागे उभे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतात आणि सालीकडे ते दाट होत जातात. त्यामुळे लाठी वाकते, परत सरळ होते आणि एकदम तुटत नाही. आधी उभी चीर जाते, आवाज बदलतो, मग ती फाकते. चांगली लाठी पेरांनी जवळ, सरळ आणि पुरती जून झालेली असावी लागते. ती सावलीत वाळवतात, पेरे तासून गुळगुळीत करतात आणि तेल पाजतात. काही जण टोकाला शेंबी बसवतात. उंची माणसागणिक वेगळी: कानाच्या पाळीपासून डोक्यापर्यंत. चीर गेलेली लाठी मैदानावर आणायची नाही हा नियम सगळीकडे सारखा. फाकलेल्या वेळूची कड पात्यासारखीच कापते आणि उडालेली चोय डोळ्यात जाते.

लाठीला धार नाही. ही एकच गोष्ट तिचे सगळे शिक्षण ठरवते. धार नाही म्हणून तिला पुढची-मागची बाजू नाही. गोल अंगाने ती कुठूनही लागली तरी सारखीच लागते. धार नाही म्हणून ती कुठेही धरता येते. एका टोकाला, मधोमध, तिसऱ्या हिश्श्यावर; हात तिच्यावरून सरकत राहतो. दोन्ही टोके मारतात आणि दोन्ही टोके अडवतात. मागून आलेल्याला खालच्या टोकाची ढोस देऊन समोरच्यावर वरचे टोक सोडता येते. चार जणांत एकटा सापडलेल्या माणसाला लाठी वाचवू शकते ती याच गुणामुळे. चौमुखी लाठीचे फेर त्यासाठीच बांधलेले आहेत.

धार नसल्याची किंमतही लाठीवाला मोजतो. त्याचा मार सगळा वेगातून येतो. लाठी नुसती टेकवून काही होत नाही. तिला फिरायला जागा लागते, वेग घ्यायला वेळ लागतो. सारख्याच वजनाच्या दोन काठ्यांपैकी एक दुसरीच्या दुप्पट लांब असेल, तर टोकाला धरून तितक्याच चपळाईने फिरवायला लांब काठीला चौपट जोर लागतो. म्हणून लाठीचा जोर मनगटातून काढायचा नसतो. तो टाचेतून निघतो, कमरेतून वळतो, खांद्यातून हाताकडे येतो. नवा मुलगा मनगटाने फिरवतो आणि काही मिनिटांत त्याचे कोपर भरून येते. वऱ्हाडातला वस्ताद मग ओरडतो, "अबे पोट्ट्या, काठी काय पाह्यतं, पाय पाह्य आंधी!" लाठीचा सगळा पाठ या एका ओळीत आला.

आणखी एक बारकी गोष्ट लाठीच हाताला शिकवते. टोकाला धरलेल्या सरळ काठीवर अशी एक जागा असते की तिथे प्रहार बसला तर हाताला हिसका जाणवत नाही. ही जागा हातापासून लांबीच्या दोन-तृतीयांश अंतरावर असते. पाच फुटी लाठीत ती साधारण तीन फूट चार इंचांवर येते. त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे मार बसला की तळहाताला झिणझिण्या येतात. पोत्यावर रोज मारणाऱ्या मुलाला हे गणित कोणी सांगावे लागत नाही. त्याचा तळवाच त्याला अंतर शिकवतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत तो आपोआप योग्य अंतरावर उभा राहू लागतो.

पात्याचे गणित

आता तलवार हातात घ्या. वजन लाठीच्या आसपासच, किलोच्या आतबाहेर. पण सगळा हिशेब बदलतो. लाठीचा तोल मधोमध, तलवारीचा तोल मुठीपुढे वीतभराच्या आतबाहेर. धरायची जागा एकच, मूठ. हात सरकवायचा प्रश्नच नाही. मूठ, परज आणि मागची वाटोळी तबकडी यांच्यामध्ये पंजा घट्ट बसतो. ही तबकडी मनगटाला टेकते आणि तलवार भाल्यासारखी सरळ पुढे ताणू देत नाही. आपल्या तलवारीची मूठच सांगते की खुपसू नका, ओढून कापा.

ओढून कापणे हे पात्याचे मर्म आहे. पिकलेला टोमॅटो विळीवर नुसता दाबला तर फुटतो आणि पुढे सरकवला तर स्वच्छ चिरला जातो. पात्याचेही तसेच. धार लक्ष्यावर टेकते त्या क्षणी तिला सरकण्याची गती हवी. पाते वाकडे असेल तर ही ओढ त्याच्या बाकातूनच मिळते. घोड्यावरून धावता धावता वार करणाऱ्या स्वाराला वाकडी तलवार सोयीची पडे, त्याचे एक मोठे कारण हेच.

दुसरे मर्म कोनाचे. पात्याला धार आहे, पाठ आहे आणि दोन सपाट अंगे आहेत. यातली फक्त धार कापते, आणि तीही पाते ज्या दिशेने चालले आहे त्याच दिशेला तिचे तोंड असेल तरच. कोन जरा बिघडला की पाते लक्ष्यात शिरताना वळते, अडकते किंवा सपाट अंगाने थापटते. लाठीत ही चूक संभवतच नाही, कारण गोल काठीला कोन नसतो. दहा वर्षे लाठी फिरवलेल्या माणसाच्या हाताला या कोनाची जाणीव असेलच असे नाही. लाठी फिरवताना पंजा सैल ठेवून तिला बोटांत घरंगळू देण्याची सवय असते. तीच सवय तलवारीत पात्याचे तोंड फिरवते.

याची परीक्षा केळीच्या खांबावर घेतात. अंजनगाव सुर्जीकडे केळीच्या बागा आहेत. घड उतरवल्यावर खांब टाकूनच द्यायचा असतो. तो जमिनीत उभा रोवून शिकणाऱ्याला तिरका वार करायला सांगतात. वार बरोबर बसला तर वरचा तुकडा क्षणभर जागेवरच राहतो आणि मग तिरप्या कापावरून घसरून खाली येतो. कापाचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट असतो आणि त्यावर पाणी तरारते. कोन चुकला तर काप मध्येच वळलेला दिसतो, थर दबून काळवंडलेले असतात, कडेला धागे लोंबतात. ओढ चुकली तर पाते अर्ध्यावर रुतून बसते. वस्तादाला वार पाहायचीही गरज पडत नाही. कापलेला खांब हातात घेऊन तो सांगतो की मनगट कुठे मोडले. ही परीक्षा लाठीच्या शिक्षणात नाही आणि असू शकत नाही.

तिसरा फरक वारानंतरचा. लाठी आदळली की उसळते, आणि ही उसळी फुकट मिळालेला जोर असते. चांगला लाठीवाला तीच वळवून दुसरा वार काढतो. पाते आरपार जाते. ते थांबवायचे तर स्वतःच्या ताकदीने थांबवावे लागते, नाहीतर ते स्वतःच्याच गुडघ्याकडे येते. म्हणून तलवारीच्या शिक्षणात वार करण्याइतकाच वार थांबवण्याचा सराव असतो: हवेत वार सोडायचा आणि ठरलेल्या जागी पाते रोखायचे, टोक हलता कामा नये.

चौथा फरक अडवण्याचा. लाठी दोन्ही हातांत आडवी धरून डोक्यावरचा वार सरळ झेलता येतो. तलवारीची धार धारेवर झेलली तर पात्याला खाच पडते, आणि खाच पडलेले पाते पुढच्या वाराला तिथेच तुटू शकते. म्हणून तलवारीबरोबर ढाल येते. डाव्या हाताला स्वतःचे काम मिळते. ढाल नसेल तर पाते तिरके धरून वार घसरवून द्यायचा आणि त्याच वेळी पाऊल बाजूला टाकायचे. लाठीवाला वार थोपवू शकतो, तलवारबाजाने तो टाळायचा असतो.

लाठी पकडता येते, पाते पकडता येत नाही, हा पाचवा फरक. लाठीच्या झटापटीत समोरच्याची काठी काखेत दाबणे, पिळून हिसकावणे, पायाखाली घेणे असे कितीतरी डाव आहेत. हे डाव हातावर बसलेला माणूस पात्यासमोर उभा राहिला आणि त्याचा हात सवयीने पुढे गेला, तर बोटे गेली. जंबियासारख्या आखूड पात्यात याचे उलट टोक दिसते. तिथे पकडायचे असते ते पाते नव्हे, ते धरणारे मनगट. अंतर हातभर उरते, मोकळा हात शस्त्राच्या हाताइतकाच महत्त्वाचा ठरतो आणि अंग कुस्तीच्या जवळ जाते. म्हणून जंबियाचे डाव आखाड्यात लाकडी जंबियाने, कुस्तीची अंगमेहनत झालेल्या मुलांनाच शिकवावेत.

मधला टप्पा: फरी-गदका

इतके फरक असताना तलवार शिकवायची कशी? धारदार पात्याने दोघांना एकमेकांवर सोडता येत नाही. नुसत्या लाठीने शिकवले तर वरच्या पाचही गोष्टी राहून जातात. या अडचणीवर मराठी आखाड्यांनी काढलेला मार्ग म्हणजे फरी-गदका. गदका म्हणजे तलवारीच्या लांबीची, मुठीची, कातड्याने मढवलेली काठी. फरी म्हणजे कातड्याची लहान वाटोळी ढाल.

गदका दिसायला काठी असला तरी चालायला तलवार आहे. त्याला एकच मूठ असते, तो एकाच हातात राहतो, त्याचे दुसरे टोक मारायला वापरायचे नसते. डावा हात फरी सांभाळतो. वारांची नावे तलवारीचीच: डोक्यावरचा शिर, गालाकडचा तमाचा, बाहेरच्या अंगाने येणारा बाहेरा. दोन मुले समोरासमोर पवित्रा घेतात, सलामी होते आणि मग ठरलेल्या क्रमाने वार आणि अडवणूक सुरू होते. पहिले काही महिने क्रम ठरलेला. पुढे क्रम मोडतो, हूल दिली जाते, डोक्यावर दाखवून पायावर मारले जाते. कातड्याने मढवलेला गदका लागला तर वळ उठतो, हाड मोडत नाही. मुलगा न घाबरता चूक करू शकतो आणि चुकीची शिक्षा लगेच अंगावर उमटते. शिक्षणाची याहून चांगली सोय मला माहीत नाही.

गदक्यालाही एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. गदका गोल असतो. त्याचा वार कुठल्याही अंगाने लागला तरी लागतोच, त्यामुळे पात्याच्या कोनाची चूक त्यात झाकली जाते. यावर उपाय सोपा आहे: गदक्याच्या एका बाजूला मुठीपासून टोकापर्यंत रंगाची रेघ ओढावी, तीच धार मानावी आणि त्या बाजूने लागलेलाच वार धरावा. खर्च काही नाही आणि हात पहिल्या दिवसापासून पात्याची दिशा शिकतो.

भाल्यासाठीही आपल्याकडे असाच विचार झाला. टोकाला कापडाचा बोंडा बांधलेली बोथाटी ही भाल्याची गदक्यासारखीच सौम्य प्रतिकृती. घोडेस्वार तिने एकमेकांवर धावून सराव करत.

पट्टा: जिथे मनगटच नाही

लाठी आणि पाते यांच्यातली सर्वांत लांबची टोके पाहायची तर लाठीशेजारी दांडपट्टा ठेवावा. पट्ट्याचे पाते लांब, सरळ, लवचीक आणि दुधारी. मूठ पंजाला झाकणाऱ्या आणि कोपराकडे जाणाऱ्या लोखंडी खोबळ्यात असते. आतला दांडा पात्याला आडवा. त्यामुळे पाते हाताच्या सरळ रेषेत येते आणि मनगट जखडले जाते. लाठीत बोटे, मनगट, कोपर, खांदा सगळे सांधे खेळतात. पट्ट्यात मनगट बाद. वार कोपरातून, खांद्यातून आणि उड्या-वळणांतून काढावा लागतो. म्हणून पट्टेकरी सतत गोल फिरताना, बसून उठताना, उडी मारून दिशा बदलताना दिसतो. प्रेक्षकांना ती नजाकत वाटते. प्रत्यक्षात मनगट गमावल्याची भरपाई सगळे अंग करत असते.

लवचीक पाते आणखी एक शिस्त लावते. ते वळताना लपकते, टोक हातामागून थोड्या उशिराने येते. हात थांबला म्हणून पाते थांबत नाही. स्वतःचा खांदा, स्वतःची मांडी यांपासून ते दूर ठेवण्याचा सराव आधी पाते नसलेल्या हाताने, मग बोथट पट्ट्याने आणि सर्वांत शेवटी धारेच्या पट्ट्याने होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान जाहीर केला. हा मान खऱ्या अर्थाने टिकवायचा तर संग्रहालयातल्या पट्ट्यांइतकीच शिकवणारे वस्ताद जपण्याची गरज आहे.

तलवार गेली, लाठी उरली

वऱ्हाडात आज लाठी घरोघरी आणि तलवार दसऱ्याच्या पूजेपुरती, असे का झाले? याची मुळे इतिहासात आहेत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या आडगावजवळ आर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसले यांच्यात लढाई झाली. भोसल्यांच्या फौजेतल्या अरबी शिपायांच्या एका तुकडीने इंग्रजांच्या ७४ व्या आणि ७८ व्या पलटणींवर हातघाईचा हल्ला चढवला आणि ती तुकडी तिथेच कापली गेली. १५ डिसेंबरला अमरावती जिल्ह्यातला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. तोफा आणि शिस्तीने चालणाऱ्या बंदुकांपुढे तलवारीचा जमाना सरला होता, हे त्या सोळा-सतरा दिवसांत वऱ्हाडाने पाहिले.

पुढे १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. तलवार घराबाहेर काढणे हाच राजद्रोह वाटावा अशी स्थिती आली. १९२७ साली नागपुरात मंचरशा आवारी यांनी, ज्यांना लोक जनरल आवारी म्हणत, या कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा सत्याग्रहींनी उघडपणे तलवारी हाती घेऊन मिरवणूक काढली. मिठासारखीच तलवारही कायदेभंगाचे साधन झाली.

लाठीवर असा घाला घालणे अवघड होते. ती गुराख्याच्या खांद्यावर होती, जागल्याच्या हातात होती, रात्री ज्वारीची राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या उशाला होती. माणसाच्या रोजच्या कामातली वस्तू काढून घेता येत नाही. म्हणून तलवारीची पावले, तलवारीचे पवित्रे, अंतराची जाण, एवढेच काय तलवारीचा आत्मसन्मानही लाठीच्या आश्रयाने जगला. १९१४ साली अमरावतीत मंडळ निघाले तेव्हा वैद्य बंधूंपुढे हाच वारसा होता. लाठीला त्यांनी कवायतीचे रूप दिले आणि पट्टा-गदका तिच्या सोबतीने जिवंत ठेवला. हे त्यांनी केले नसते तर आज वऱ्हाडात पट्टा चालवून दाखवणारे हात शोधत फिरावे लागले असते.

इतरांनी काय केले

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. केरळच्या कळरीपयट्टूमध्ये शिक्षणाच्या चार पायऱ्या आहेत. पहिली मैतारी, म्हणजे नुसत्या अंगाची तयारी. दुसरी कोलतारी, काठ्यांची. तिसरी अंगतारी, धातूच्या शस्त्रांची. आणि शेवटी वेरुंकै, म्हणजे रिकाम्या हाताने लढणे. काठी पात्याच्या आधी येते, पण पात्याची पायरी वेगळी मोजली जाते. रिकामा हात सर्वांत शेवटी, कारण शस्त्र काय करू शकते हे कळल्यावरच शस्त्राशिवाय उभे राहता येते.

जपानने ही फारकत आणखी स्पष्ट केली. केंडोमध्ये चार बांबूपट्ट्यांची शिनाई वापरतात, डोक्याला आणि छातीला चिलखत असते आणि पूर्ण जोराने वार करतात. शिनाईच्या एका बाजूने दोरी ताणलेली असते. ती पात्याची पाठ दाखवते. उलट्या बाजूने, म्हणजे मानलेल्या धारेने बसलेला वारच गुणाला पात्र. धातूच्या पात्याचा अभ्यास इआइदो या वेगळ्या शाखेत, एकट्याने, हळूहळू होतो, आणि कापण्याची परीक्षा गुंडाळलेल्या चटईवर घेतात. फिलिपिन्समध्ये आर्निस हा २००९ पासून राष्ट्रीय खेळ आहे. तिथे वेताची काठी कधी काठी म्हणून, कधी पाते मानून चालवतात, आणि हाताचे डाव त्याप्रमाणे बदलतात. चौथ्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्या वेगेशियस या रोमन लेखकाने रोमन सैनिक दुप्पट वजनाच्या लाकडी तलवारी घेऊन रोवलेल्या खांबावर सराव करत असे नोंदवले आहे. सगळ्यांनी आपापल्या परीने तोच निष्कर्ष काढला: सराव लाकडाने करा, पण मनात पाते ठेवा, आणि शेवटी पात्याची वेगळी परीक्षा द्या.

शिकणाऱ्यांसाठी

आज वऱ्हाडात लाठी शिकणाऱ्यांत मुलींची संख्या लक्षणीय आहे, आणि ही या विद्येच्या भवितव्याची सर्वांत आश्वासक खूण आहे. आत्मरक्षणासाठी लाठी हीच योग्य. ती सहज मिळते, दोन हातांनी चालते, अंगातल्या ताकदीपेक्षा अंतराच्या जाणिवेवर अवलंबून असते आणि समोरच्याला लांब ठेवते. तीच पद्धत छत्रीला, झाडूला, वेताच्या काठीला लागू पडते. पात्याचे शिक्षण आत्मरक्षणासाठी घेऊ नये. ते घ्यावे हाताच्या शिस्तीसाठी, एकाग्रतेसाठी आणि वारसा पुढे नेण्यासाठी.

कायदाही हाच भेद करतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील वर्गवारीत तलवारी, खंजीर, भाले यांसारखी नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रे येतात. घरकाम आणि शेतीची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला असेल तर तलवारीप्रमाणे लाठी नेण्यावरही बंदी येऊ शकते. म्हणून मिरवणुकीत प्रात्यक्षिक करणाऱ्या आखाड्यांनी आधी पोलिसांशी बोलून घ्यावे.

मिरवणुकीतल्या एका प्रथेबद्दल मात्र ठामपणे बोलायला हवे. एखाद्याच्या मानेवर, पोटावर किंवा तळहातावर लिंबू ठेवून ते धारदार पात्याने कापून दाखवतात आणि लोक टाळ्या देतात. ज्याच्या हाताला कोन आणि ओढ पक्की आहे त्याला हे जमते, यात शंका नाही. पण खाली पडलेल्या हारावरून पाय घसरायला, ढोलाच्या दणक्याने समोरचा दचकायला निमिष पुरते. तेच कौशल्य जमिनीवरच्या लिंबावर किंवा केळीच्या खांबावर तितकेच दिसते. माणसाच्या अंगावर धार चालवून दाखवणे आखाड्यांनी बंद करावे. विद्या त्याने कमी होत नाही, वाढते.

मुलांना आखाड्यात घालणाऱ्या आईवडिलांनी वस्तादांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. लाठीच्या आधी पावले शिकवता का? लाठी आणि तलवार यांच्यामध्ये फरी-गदका ठेवता का? धारदार पाते कोणत्या वयानंतर आणि किती तयारी झाल्यावर हातात देता? या तीन प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळाले तर मूल चांगल्या हाती आहे. लाठी ही तलवारीची गरीब बहीण नाही आणि तलवार ही लाठीची पुढची इयत्ता नाही. दोन्ही पूर्ण विद्या आहेत, आणि दोन्ही नीट शिकायच्या तर मधल्या गदक्याला पर्याय नाही. वऱ्हाडातल्या ज्या आखाड्यांतून तो नाहीसा झाला आहे, तिथे तो पुन्हा आणा.